घटक ५ : रने लाएनेक – छातीतील आवाजांना नावे देणारे वैद्य

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• स्टेथोस्कोपचे जनक रने लाएनेक यांचा जीवनपट सांगता येईल.
• शब्दाची उच्चारातील फोड आणि अर्थातील फोड यांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• वैद्यकातील लांब संज्ञांची अक्षरे पाडून त्या निःशंकपणे उच्चारता येतील.
• संज्ञा घडविताना अचूकतेबरोबर ऐकणाऱ्याच्या मनाचाही विचार का करावा लागतो, हे सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दवाखान्यातील केसपेपर किंवा तपासणीचा अहवाल हातात आला की आपल्यापैकी पुष्कळ जण पहिल्याच ओळीला अडखळतात. शब्द परका असतो, लांब असतो आणि तो कोठे तोडून वाचावा हे उमगत नाही. तो उमगत नाही म्हणून विचारण्याचे धैर्यही होत नाही. वस्तुतः असा शब्द दोन प्रकारे तोडता येतो. एक फोड उच्चाराची असते. एका स्वराच्या आधाराने एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह म्हणजे स्वनविचारातील ‘अक्षर’. ‘कमळ’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरचिन्हे लागतात, बोलताना मात्र ‘क-मळ’ अशी दोनच अक्षरे होतात. दुसरी फोड अर्थाची असते. शब्दातील लहानात लहान अर्थपूर्ण घटकाला ‘रूपिका’ म्हणतात.

या दोन फोडी कधी जुळतात, कधी जुळत नाहीत. ‘घरमालक’ या शब्दात ‘घर’ नंतर अर्थाचाही सांधा आहे आणि उच्चाराचाही. ‘सूर्योदय’ मात्र आपण ‘सूर्-यो-दय’ असा उच्चारतो. ‘सूर्य’ आणि ‘उदय’ यांचा सांधा मधल्या ‘यो’ च्या पोटात लपलेला असतो. वैद्यकातील संज्ञा अवघड वाटतात त्याचे मुख्य कारण हेच आहे. त्यांतील सांधे अक्षरांच्या पोटात लपलेले असतात.

हा विषय आपण नियमांच्या यादीतून न पाहता एका माणसाच्या चरित्रातून पाहणार आहोत. त्या माणसाने मानवी छातीतील आवाज प्रथमच पद्धतशीरपणे ऐकले. त्या आवाजांना नावे नव्हती, म्हणून त्याने ती घडवली. त्यांतील काही नावे आजही महाराष्ट्रातील दवाखान्यांत रोज उच्चारली जातात.

५.२ जन्म, बालपण आणि भाषांचा संस्कार

रने तेओफील यासँत लाएनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतात, कँपेर या गावी झाला. त्यांच्या आडनावापासूनच आपल्या विषयाला प्रारंभ होतो. ‘ला-ए-नेक’ अशी त्याची तीन अक्षरे आहेत. रोमन लिपीत ‘ला’ मागोमाग ‘ए’ आला की वाचणारा दोन्ही स्वर एकत्र करून ‘लेनेक’ असे म्हणण्याचा संभव असतो. तसे होऊ नये म्हणून फ्रेंच लेखनात पुष्कळदा त्या ‘ए’ च्या डोक्यावर दोन टिंबे देतात. हा स्वर मागच्या स्वरात मिसळू नका, त्याचे वेगळे अक्षर करा, एवढेच ती टिंबे सांगतात.

रने पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे १७८८ मध्ये ते नाँत शहरी काका गियोम लाएनेक यांच्याकडे राहावयास गेले. काका वैद्य होते. याच काळात फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि नाँत शहराने १७९३-९४ च्या सुमारास भीषण हत्याकांड पाहिले. अशा वातावरणात वयाच्या चौदाव्या वर्षी, १७९५ मध्ये, रने काकांच्या हाताखाली रुग्णालयात शिकू लागले. वैद्यकाबरोबर त्यांनी ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा अभ्यास केला, बासरीवादनाचा छंद जोपासला. एकीकडे जुन्या भाषांतील शब्दांची घडण कळणारे मन आणि दुसरीकडे सुरांचे सूक्ष्म भेद टिपणारा कान, ही त्यांची पुढील आयुष्याची शिदोरी ठरली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्रिटनीतील सामान्य शेतकऱ्यांची भाषा फ्रेंच नव्हती. ब्रेतॉन ही फ्रेंचहून निराळ्या शाखेतील भाषा ते बोलत. लाएनेक यांनी मोठेपणी ही भाषा प्रयत्नपूर्वक आत्मसात केली. १८१४ मध्ये युद्धातून आजारी होऊन आलेल्या ब्रेतॉन सैनिकांची शुश्रूषा त्यांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात केली, तेव्हा ती कामी आली. परक्या शहरात आपले दुखणे आपल्या भाषेत सांगता न येणे म्हणजे काय, हे त्यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी पाहिले होते.

५.३ पॅरिसमधील शिक्षण

१८०१ मध्ये लाएनेक पॅरिसला आले आणि शारिते रुग्णालयातील प्रख्यात वैद्य कोर्व्हिसार यांचे शिष्य झाले. १८०४ मध्ये त्यांनी प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्या विचारांवर प्रबंध लिहून पदवी मिळवली.

त्या काळी छातीत काय बिघडले आहे हे जिवंतपणी कळण्याची साधने फार थोडी होती. ऑस्ट्रियातील आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये एक पद्धत मांडली होती. छातीवर बोटांनी ठोकले असता आत हवा आहे की द्रव साचला आहे, हे आवाजावरून ओळखता येते, असे त्याने दाखवून दिले होते. या पद्धतीकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. कोर्व्हिसार यांनी १८०८ मध्ये त्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध करून ती पुन्हा प्रकाशात आणली. शरीराच्या आवाजाला अर्थ असतो, हा विचार लाएनेक यांना गुरूकडून असा मिळाला.

५.४ कागदाची नळी आणि तिचे नामकरण

१८१६ मध्ये लाएनेक नेकेर रुग्णालयात वैद्य म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी त्यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. तिच्या स्थूल शरीरामुळे छातीवर ठोकून फारसे कळत नव्हते आणि तिच्या छातीला कान लावणे संकोचाचे होते. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, ही ध्वनिशास्त्रातील गोष्ट त्यांना आठवली. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर टेकवले आणि दुसरे आपल्या कानाशी धरले. नुसत्या कानाने ऐकू येत असे त्याहून कितीतरी स्पष्टपणे हृदयाचे ठोके ऐकू आले.

पुढे त्यांनी स्वतः कातकाम करून लाकडाच्या नळ्या बनवल्या. सुमारे एक फूट लांबीची, मधून भोक पाडलेली ही नळी होती. प्रारंभी ते तिला केवळ नळकांडे म्हणत. सहकारी आणि आप्त निरनिराळी नावे सुचवू लागले, तेव्हा त्यांनी स्वतः नाव निवडले : स्टेथोस्कोप.

या शब्दाची अर्थफोड करून पाहा. ग्रीक भाषेत ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे, निरखणे. म्हणून अर्थफोड ‘स्टेथो + स्कोप’ अशी होते. उच्चारात ‘स्टे-थो-स्कोप’ अशी तीन अक्षरे पडतात. येथे दोन्ही फोडी जुळतात, म्हणूनच हा शब्द खेड्यापाड्यांतील माणसाच्या तोंडीही सहज रुळला. मात्र अर्थाच्या बाजूने एक आश्चर्य आहे. ऐकण्याच्या साधनाला लाएनेक यांनी पाहण्याचे नाव दिले. कानाने ऐकून छातीच्या आतले चित्र डोळ्यांसमोर उभे करावे, हा त्यांचा हेतू या नावातून प्रकट होतो. मृत्यूनंतर शवविच्छेदनात जे दिसेल ते रुग्ण जिवंत असतानाच कळावे, यासाठी त्यांची धडपड होती. म्हणून ते रुग्णाच्या छातीतील आवाज नोंदवून ठेवत आणि रुग्ण दगावल्यास विच्छेदनातील निष्कर्षांशी ती नोंद ताडून पाहत.

५.५ आवाजांची नावे

सुमारे तीन वर्षांच्या निरीक्षणानंतर १८१९ मध्ये लाएनेक यांचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. साधनाच्या मदतीने छातीतील आवाज ऐकण्याची पद्धत हा त्याचा विषय होता. या पद्धतीला आज ‘ऑस्कल्टेशन’ म्हणतात. लॅटिनमधील ‘लक्षपूर्वक ऐकणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द झाला. त्याची अक्षरे ‘ऑस-कल्-टे-शन’ अशी पाडावीत. १८२१ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद झाला आणि त्यातील संज्ञा युरोपभर व पुढे इंग्रजीच्या वाटेने भारतात पोहोचल्या.

यातील तीन संज्ञा आपण तपशिलाने पाहू. त्या तिन्ही रुग्णाच्या बोलण्याशी संबंधित आहेत. रुग्ण बोलत असता नळीतून त्याचा आवाज कसा ऐकू येतो, यावरून फुप्फुसाची अवस्था ओळखण्याची रीत लाएनेक यांनी घालून दिली.

पहिली संज्ञा ‘पेक्टोरिलोक्वी’. क्षयामुळे फुप्फुसात पोकळी झाली असेल तर रुग्णाचे शब्द जणू थेट छातीतून निघून नळीत शिरतात. लॅटिनमध्ये छातीला ‘पेक्टस’ म्हणतात, समासात त्याचे ‘पेक्टोर’ असे रूप होते. ‘लोक्वी’ म्हणजे बोलणे. अर्थफोड ‘पेक्टोरि + लोक्वी’, म्हणजे छातीचे बोलणे.

दुसरी संज्ञा ‘ब्राँकोफोनी’. ‘ब्राँकस’ म्हणजे श्वासनलिकेची शाखा आणि ‘फोने’ म्हणजे आवाज.

तिसरी संज्ञा ‘एगोफोनी’. फुप्फुसाभोवती पाणी साचले असता रुग्णाचा आवाज कापरा, अनुनासिक, शेळीच्या ओरडण्यासारखा ऐकू येतो. ग्रीकमध्ये शेळीच्या नावाचे समासातील रूप ‘एगो’ सारखे होते, त्याला ‘फोने’ जोडून हा शब्द झाला. येथे सावध राहा. अहंकार या अर्थी आपण वापरतो त्या ‘इगो’ शी याचा काहीही संबंध नाही. चुकीचा सांधा मनात धरला की अर्थही चुकतो.

आता उच्चाराकडे वळू. फ्रेंच भाषेत शब्दातील अक्षरे साधारणपणे सारख्या वजनाने उच्चारली जातात, म्हणून लाएनेक यांच्या तोंडी हा शब्द ‘ए-गो-फो-नी’ असा सुटा आणि स्पष्ट होता. इंग्रजीत मात्र एका अक्षरावर जोराचा आघात येतो आणि शेजारची अक्षरे दबून जातात. त्यामुळे इंग्रजी कोशांत या शब्दाची फोड ‘ई-गॉफ-अ-नी’ अशी दिलेली आढळते. पहिल्या घटकातील ‘ग’ आणि दुसऱ्या घटकातील ‘फ’ एकाच अक्षरात अडकले. ‘पेक्टोरिलोक्वी’ ची गतही तीच : ‘पेक-ट-रिल-अ-क्वी’ या फोडीतील ‘रिल’ मध्ये दोन घटकांचे तुकडे एकत्र आले आहेत. हा ‘सूर्योदया’ तील ‘यो’ चाच प्रकार होय. एकच ‘फोने’ हा घटक ‘टेलिफोन’ मध्ये ‘फोन’ असा आणि ‘सिंफनी’ मध्ये ‘फनी’ असा का ऐकू येतो, याचेही उत्तर या आघातात आहे.

मराठीची प्रकृती या बाबतीत फ्रेंचला जवळची आहे. आपणही अक्षरांना साधारण सारखे वजन देतो. म्हणून मराठी वाचकाने प्रथम अर्थाचे घटक शोधावेत, मग प्रत्येक घटकाची अक्षरे पाडून सावकाश उच्चार करावा. ‘ब्राँ-को-फो-नी’ असे म्हटल्याने शब्दाचा अर्थ झाकला जात नाही. डॉक्टरांच्या तोंडचा इंग्रजी वळणाचा उच्चार पुढे ओळखू येऊ लागतो.

पुढील काळात वैद्यांनी या तपासणीत आणखी एक भर घातली. रुग्णाला ‘ई’ हा स्वर लांबवून उच्चारायला सांगितले आणि नळीतून तो ‘ए’ सारखा ऐकू आला, तर त्या जागी फुप्फुस घट्ट झाले आहे किंवा पाणी साचले आहे, असा संशय घेता येतो. स्वरांचा भेद, जो आपण स्वनविचारात शिकतो, तो येथे रोगाची खूण ठरतो.

५.६ खाटेशेजारचा शब्द

श्वासाबरोबर ऐकू येणाऱ्या विकृत आवाजांसाठी लाएनेक यांनी फ्रेंचमधील ‘राल’ हा शब्द घेतला आणि त्याचे प्रकार पाडले. न्यूमोनियात ऐकू येणाऱ्या बारीक आवाजासाठी त्यांनी तापल्या भांड्यात मीठ तडतडते त्याची उपमा योजली आणि त्याला तडतडणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून विशेषण दिले. आपल्याकडील डॉक्टर केसपेपरवर ‘क्रेप्स’ असे जे संक्षिप्त रूप लिहितात, ते याच धातूपासून आलेल्या ‘क्रेपिटेशन’ चे होय.

पण ‘राल’ या शब्दात एक अडचण होती. सामान्य फ्रेंच माणसाच्या मनात तो शब्द मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजाशी जोडलेला होता. मराठीतही ‘घरघर लागली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला शेवट जवळ आल्याचे कळते. वैद्याने विद्यार्थ्यांशी बोलताना खाटेशेजारी ‘राल’ म्हटले, तर पडल्या पडल्या ऐकणारा रुग्ण हबकून जाई. त्याचा आजार साधा असला तरीही. म्हणून लाएनेक यांनी रुग्णासमोर वापरण्यासाठी ‘रॉन्कस’ हा लॅटिन शब्द योजला. त्याचा मूळ अर्थ घोरणे असा आहे. वस्तू एकच, शब्द दोन : एक लेखनासाठी, दुसरा रुग्णाच्या कानासाठी.

या निर्णयाला दुसरी बाजूही आहे. पुढे इंग्रजीत हे दोन शब्द दोन निरनिराळ्या आवाजांची नावे म्हणून रूढ झाले आणि त्यांच्या वापरात दीर्घकाळ गोंधळ राहिला. आजही आपल्याकडे ‘रॉन्काय’ हे त्याचे अनेकवचन एका विशिष्ट प्रकारच्या आवाजासाठी वापरतात. तसेच रुग्णाला न कळणारा शब्द त्याची भीती टाळतो, पण त्याचे अज्ञानही कायम ठेवतो. लाएनेक यांच्या काळी क्षयासारख्या रोगावर उपाय नव्हता. आज बहुतेक ठिकाणी उपाय आहे आणि त्यासाठी रुग्णाला आपला आजार समजणे आवश्यक आहे. तेव्हा संज्ञा कोणासमोर, कोणत्या हेतूने उच्चारली जाते, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने केला पाहिजे.

१८१९ च्या याच ग्रंथात त्यांनी आणखी एका विकाराला नाव दिले : ‘सिरोसिस’. रोगट यकृताच्या पिवळसर तांबूस रंगावरून, त्या रंगाच्या ‘किरोस’ या ग्रीक शब्दापासून ते घडवले. ग्रीकमधील ‘क’ लॅटिनमधून फ्रेंच व इंग्रजीत येताना ‘स’ झाला. ‘सि-रो-सिस’ या अक्षरांत दारूचा उल्लेख कोठेही नाही. हा विकार इतर कारणांनीही होतो. तरी समाजात हे नाव ऐकताच रुग्णाकडे संशयाने पाहिले जाते. शब्दाचा मूळ अर्थ आणि त्याला लोकव्यवहारात चिकटलेला अर्थ यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानात येईल.

५.७ अखेरची वर्षे

लाएनेक यांची प्रकृती प्रथमपासून नाजूक होती. ग्रंथ पूर्ण झाल्यावर ते थकून ब्रिटनीला परतले. पुन्हा पॅरिसला आल्यावर १८२२ मध्ये कोलेज द फ्रान्स येथे त्यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. १८२४ मध्ये त्यांचा विवाह झाला. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्याकडे ऐकण्याची ही विद्या शिकण्यासाठी येत. ब्रूसे यांच्यासारखे समकालीन प्रतिस्पर्धी त्यांच्या मतांवर कठोर टीका करीत असतानाही त्यांनी ग्रंथाची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. ती १८२६ मध्ये निघाली.

त्याच वर्षी ताप, खोकला आणि क्षीणता वाढली. त्यांचा पुतण्या मेरियादेक हाही वैद्य होता. त्याने काकांच्या छातीवर त्यांच्याच पद्धतीची नळी लावली आणि जे ऐकले ते सांगितले. ज्या खुणा लाएनेक यांनी शेकडो रुग्णांच्या छातीत ओळखल्या होत्या, त्याच त्यांच्या स्वतःच्या छातीत होत्या. त्यांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आजार क्षयाचा होता. ते ब्रिटनीतील केरलुआनेक येथील आपल्या घरी गेले आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. आपला स्टेथोस्कोप त्यांनी पुतण्याच्या नावे ठेवला होता.

रुग्णाला धक्का बसू नये म्हणून ज्यांनी शब्द बदलला, त्यांना स्वतःला अचूक शब्दाचा आडोसा मिळाला नाही. पण त्या अचूकतेमुळेच पुढील पिढ्यांतील असंख्य रुग्णांचे आजार वेळीच ओळखता आले.

५.८ सारांश

लाएनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला आणि त्यातून ऐकू आलेल्या आवाजांना ग्रीक-लॅटिन घटकांतून नावे दिली. अशा संज्ञांमध्ये अर्थाचा सांधा आणि अक्षराचा सांधा नेहमी जुळत नाही. इंग्रजी आघातामुळे हे अंतर वाढते. मराठी वाचकाने आधी घटक ओळखावेत, नंतर अक्षरे पाडावीत. दोन गोष्टी स्मरणात ठेवाव्यात : ग्रीकमधून आलेल्या शब्दांत रोमन ‘सी-एच’ ही जोडी बहुधा ‘क’ अशी उच्चारतात (ब्राँकस, रॉन्कस) आणि इंग्रजी उच्चारात ‘न्यूमोनिया’, ‘न्यूमोथोरॅक्स’ यांसारख्या शब्दांच्या आरंभीचा ‘पी’ मूक असतो. ज्या शब्दाचे घटक कळले तो शब्द डॉक्टरांना विचारताना जीभ अडखळत नाही.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘सूर्योदय’ आणि ‘एगोफोनी’ या शब्दांतील अर्थफोड व अक्षरफोड करून दोहोंतील साम्य सांगा.
२. ऐकण्याच्या साधनाला लाएनेक यांनी पाहण्याचा अर्थ असलेले नाव का दिले असावे?
३. ‘राल’ ऐवजी ‘रॉन्कस’ हा शब्द योजण्याचे फायदे आणि तोटे तुमच्या शब्दांत मांडा.
४. उपक्रम : घरातील एखाद्या वैद्यकीय अहवालातील पाच संज्ञा निवडा. कोशाच्या साहाय्याने त्यांचे घटक शोधा, अक्षरे पाडा आणि त्या संज्ञा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला समजतील अशा मराठीत समजावून सांगा.